१२ जुलै: एकदा पौर्णिमा, एकदा अमावस्या

व्हॉट्सॅपवर रोज सकाळी जो दिनविशेष येतो तो १२ जुलैलाही येतो आणि त्यात सगळ्यांना कसं एका रांगेत उभं केलेलं असतं. ज्युलियस सीझरचा जन्म, थोरोचा जन्म, कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनचा जन्म, कवी पाब्लो नेरुदा, बिमल रॉय, संजय मांजरेकर, मलाला, मध्येच नाबार्डची स्थापना, किरिबाटी नावाच्या देशाचं स्वातंत्र्य, दारासिंग गेले, प्राण गेले. आणि याच रांगेत, तेवढ्याच जागेत, "१९६१ : पानशेत धरण फुटले". एक ओळ. वर बिमल रॉय, खाली मांजरेकर, मध्ये पानशेत. शिवकालाची आठवण ठेवणारा कुणी असेल तर सगळ्यात वर "१६६० : पन्हाळ्याहून सुटका" अशी अजून एक ओळ, आणि शेवटी दोन हात जोडलेले आणि एक फूल.

मला या याद्या आवडतात, खोटं कशाला बोलू, पण त्या वाचून डोक्यात काहीच राहत नाही कारण एका तारखेला काय काय झालं हे कळून आपण करणार काय? ३६५ दिवस आणि हजारो वर्षं म्हणल्यावर कुठल्याही तारखेला पाच-पन्नास गोष्टी सापडणारच. म्हणून मी म्हणलं एकच तारीख घ्यावी आणि तिला जरा खणावं, आणि पुण्याची असल्यामुळे दुसरी कुठली तारीख सुचणार.

पुण्यात पेठांमधल्या जुन्या माणसांना १२ जुलै म्हणलं की पुढे वर्ष सांगावं लागत नाही. त्यांचा काळच मुळात "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असा दोन भागांत आहे. माझी आजी, म्हणजे आईची आई, नारायण पेठेत नदीपासून हाकेच्या अंतरावर वाड्यात राहायची. तिच्याकडे कुठलीही जुनी वस्तू मागितली की उत्तर ठरलेलं. लग्नातला शालू कुठाय? पुरात गेला. मोठी परात? पुरात गेली. मामाची पत्रिका? पुरात गेली. आजोबांच्या हातची पत्रं, पुरात गेली. नंतर नंतर तर मला संशय यायला लागला होता की ज्या वस्तू त्या घरात कधी नव्हत्याच त्यासुद्धा पुरात गेल्यात, कारण एवढ्याशा दोन खोल्यांत एवढं सामान मावलं तरी कसं असतं.

एक पितळी डबा मात्र राहिला होता, कडीचा. पाणी ओसरल्यावर खोलीत गुडघ्याएवढा गाळ होता त्यात हा उलटा रुतलेला सापडला म्हणे. एका बाजूला चेपलेला, आणि झाकणाच्या बिजागरीत एक बारीक काळी रेघ, ती चिंचेने घास, राखेने घास, पितांबरीने घास, कधी गेली नाही. आजी त्यात सुपाऱ्या ठेवायची. गाळाचा वास ती फार वेळा सांगायची, धान्य भिजून कुजल्याचा आणि रॉकेलचा असा एकत्र, आणि तो वास भिंतींना कित्येक महिने होता असं म्हणायची. जुन्या इमारतींवर अजून काही ठिकाणी पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची रेघ मारून खाली तारीख लिहिलेली दिसते. त्या रेघेखाली उभं राहून मान वर करून बघावं लागतं, म्हणजे मग आकडे वाचायची गरज उरत नाही.

झालं काय होतं ते थोडक्यात. पानशेतचं धरण आंबी नदीवर, मातीचं, आणि १९६१ च्या पावसाळ्यात ते पुरतं बांधून झालेलंच नव्हतं. पाणी बाहेर सोडायच्या मार्गाचं आणि दरवाजांचं काम अर्धवट होतं आणि तरी त्या वर्षी पाणी अडवलं. त्यात पाऊस धो धो. धरणात पाणी भराभर चढलं आणि बाहेर जायला पुरेशी वाट नाही, मातीचा बांध खचायला लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती टाकत होते. ती सगळी मेहनत वाया गेली असं म्हणायचं तर म्हणा पण जुनी माणसं एक गोष्ट आवर्जून सांगतात की त्या पोत्यांनी रात्र काढली. धरण फुटलं ते सकाळी, उजेडात. हेच मध्यरात्री झालं असतं तर गाढ झोपेतल्या पेठांचं काय झालं असतं याचा विचारसुद्धा नको वाटतो.

पानशेतच्या खाली खडकवासला. आता पुणेकरांना पावसाळ्यात रोज धरणांचे आकडे तोंडपाठ असतात, तेच इथे कामाला येतात: आजच्या हिशोबाने पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि खडकवासल्याची जेमतेम १.९७. म्हणजे वरचं मोठं धरण फुटून खालच्या छोट्यात आलं तर ते काय थोपवणार. तरी ते जुनं दगडी धरण काही तास उभं राहिलं, आणि मग दुपारी तेही फुटलं. सकाळपासून जे पाणी चढत होतं ते खडकवासला फुटल्यावर एकदम उसळलं. लकडी पूल, नवा पूल, सगळे पाण्याखाली. पुलाची वाडी, डेक्कन, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, शिवाजीनगर, नदीच्या दोन्ही अंगांना होत्याचं नव्हतं झालं. मृतांचा अंदाज साधारण हजाराच्या घरातला सांगितला जातो. आणि विचित्र म्हणजे पुराने बुडालेल्या शहराला दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नाही, कारण शहराचं पाणी यायचंच मुळी खडकवासल्यातून आणि खडकवासलाच राहिलं नव्हतं. मग वाड्यांमधल्या विहिरी आणि जुने हौद, जे लोकांनी कपडे धुवायला ठेवले होते, ते परत उघडले. वीज नाही. आणि त्या दिवशी अमावस्या होती. पंचांगाची गोष्ट पुढे येणारच आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते, १२ जुलै १९६१ ला अमावस्या होती. आजी म्हणायची पर्वतीच्या पायथ्याशी कुठल्याशा ओळखीच्यांच्या ओसरीवर रात्र काढली आणि खाली शहर आहे की नाही तेच दिसत नव्हतं. मला लहानपणी वाटायचं ती जरा तिखटमीठ लावून सांगतेय. वीज गेलेली, आभाळ भरलेलं आणि वर अमावस्या, यात तिखटमीठ लावायला जागाच नाहीये.

आता इथे एक गोष्ट जी मला कुठल्या दिनविशेषात कधी दिसली नाही. खडकवासल्याचं ते जुनं धरण १८७९ च्या सुमाराला पुरं झालेलं, त्याच्या तलावाला साहेबाच्या नावावरून लेक फाइफ म्हणायचे. त्या धरणाला १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले गेले, त्यांची कल्पना आणि पेटंट विश्वेश्वरय्यांचं. तेच ते, ज्यांच्या जन्मदिवसाला १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन करतो, आणि जे शिकले पुण्यातच, कॉलेज ऑफ सायन्सला म्हणजे आजच्या सीओईपीला. १८६० चा जन्म, आणि गेले एप्रिल १९६२ मध्ये. म्हणजे खडकवासला फुटलं त्या दिवशी विश्वेश्वरय्या हयात होते, वयाची शंभरी ओलांडलेले. तरुणपणी ज्या धरणावर काम केलं ते वाहून गेल्याची बातमी म्हाताऱ्या इंजिनियरपर्यंत कशी पोचली असेल, कुणी सांगितली असेल की सांगितलीच नसेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पूर ओसरल्यावर शहर सरकलं. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं आज ऐकताना नुसते पत्ते वाटतात पण या भागांची वाढ पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून झालीय, अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये लोकांनी वर्षंच्या वर्षं काढली. आणि पानशेत परत बांधलं, त्याला तानाजीसागर नाव दिलं.

बरं. आता तीनशे वर्षं मागे.

१६६० साली याच तारखेला, म्हणजे "याच" हा शब्द जरा तात्पुरता धरा, महाराज पन्हाळ्यावरून निसटले. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा. तिकडे शाएस्ताखान पुण्यात येऊन बसलेला, चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळा झुंजवत होता, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. नेहमीचा हिशोब असा की पाऊस लागला की मोहिमा थंडावतात, छावण्या उठतात, फौजा घरी जातात. जौहर उठला नाही. त्याने छपरं घातली आणि भर पावसात वेढा आवळून बसला. या माणसाची चिकाटी आपण शत्रू म्हणून फार पटकन उरकतो, पण पन्हाळ्याचा पाऊस ज्याने खाल्लाय त्याला कळेल की तिथे चार महिने तंबूत राहणं काय असतं. राजापूरच्या वखारीतला रेव्हिंग्टन नावाचा इंग्रज आपल्या तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आला आणि गडावर मारा केला, वर आपलं निशाण फडकवून. व्यापारी म्हणून आलेल्याने हे धंदे करायचे काय कारण, पण केले, आणि त्याची किंमत पुढच्याच वर्षी राजापूर लुटलं गेलं तेव्हा मोजली, आणि पुढे बराच काळ कैदेत काढला.

मग शरण येतो असा निरोप, वेढ्यात ढिलाई, रात्र, पाऊस, दोन पालख्या. एका पालखीत शिवा काशीद, नेबापूरचा, महाराजांसारखा दिसणारा. तो पकडला गेला आणि मारला गेला, पण तेवढा वेळ मिळाला. मागे सिद्दी मसूद घोडदळ घेऊन. पुढे मसाईचं पठार, जंगल, ओढे, आणि घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, तिथे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे. खिंडीतली लढाई दुसऱ्या दिवशीची, १३ तारखेची. आणि विशाळगड काही मोकळा नव्हता, त्याच्या पायथ्याशीही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, तो फोडून मग वर जायचं होतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही, आपल्या डोक्यात गोष्ट खिंडीत संपते आणि तोफांचे आवाज होतात.

दर जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक होतो, शेकड्यांनी लोक जातात, मीही ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलेय. दोन दिवस चालायचं, वाटेत एखाद्या वाडीत मुक्काम. मसाई पठारावर धुकं असं की पुढच्याची सॅक दिसत नाही, नुसता आवाज ऐकत जायचं. खाली वाड्यांमध्ये भाताची लावणी चालू असते, बायका प्लॅस्टिकच्या खोळी डोक्यावर घेऊन चिखलात वाकलेल्या, आणि आपण ब्रँडेड रेनकोट घालून बांधावरून घसरत घसरत त्यांच्यासमोर शोभा करून घेत जातो. एका मावशींनी विचारलं, "एवढ्या पावसात कुठं चाललाय गं? गाडी जाती की तिकडं." बरोबर होतं त्यांचं, विशाळगडाला एसटी जाते.

तर गंमत आता सुरू होते. ते "याच तारखेला" तात्पुरतं का म्हणलं.

मराठी साधनांमध्ये १२ जुलै असं कुठेही लिहिलेलं नाही, असणार तरी कसं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या तिथीवार नोंदींत, आहे ती तिथी, शके १५८२, आषाढ वद्य प्रतिपदा, म्हणजे निसटले ती रात्र पौर्णिमेची. आषाढी पौर्णिमा म्हणजे आपली गुरुपौर्णिमा. त्या तिथीवरून इंग्रजी तारीख काढली ती १२ जुलै. पण काढली कुठल्या कॅलेंडरने? ज्युलियन. शिवकालाच्या तारखा आपल्याकडे ज्युलियनमध्येच रूढ आहेत, इंग्लंडही तेव्हा तेच वापरायचं, त्यामुळे राजापूरकर इंग्रजांच्या पत्रांशी त्या जुळतात. आज आपल्या भिंतीवर जे कॅलेंडर आहे ते ग्रेगोरियन, आणि सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे आपल्या आजच्या कॅलेंडरच्या हिशोबाने पन्हाळ्याची रात्र २२ जुलैची!

आणि हे नुसतं गणित नाहीये, त्या दिवशी खरोखर २२ जुलै मानणारी माणसं हाकेच्या अंतरावर होती. गोव्यात. पोर्तुगीज हे पक्के रोमन कॅथलिक, पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली कॅलेंडर दुरुस्त केलं (४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर) ते त्यांनी लगेच घेतलं. इंग्रज प्रोटेस्टंट, ते पोपचं ऐकतील तर शपथ, ते पार १७५२ पर्यंत अडून बसले आणि शेवटी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर करावा लागला. म्हणजे विचार करा, त्याच रात्री राजापूरच्या वखारीत १२ जुलै, पणजीला २२ जुलै, आणि पन्हाळ्यावर आषाढ पौर्णिमा. तिघांच्या डोक्यावर चंद्र एकच, तोही ढगाआड. आणि योगायोग बघा, पोपचं वर्ष १५८२ आणि पन्हाळ्याचं शक १५८२. आकडा तोच, मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षं. काही अर्थ नाही त्याला, पण मला असल्या गोष्टी सापडल्या की दिवस बरा जातो.

आता त्या यादीतला पहिला माणूस आठवा. ज्युलियस सीझर, जन्म इसवी सनपूर्व १०० च्या आसपास, १२ किंवा १३ जुलै. ज्युलियन कॅलेंडर त्याचंच. इसवी सनपूर्व ४५ पासून त्याने ते लागू केलं, आणि तो मारला गेल्यावर त्याच्या जन्माच्या महिन्याला त्याचं नाव दिलं, म्हणून जुलै. त्याने वर्ष धरलं तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं, म्हणजे ३६५ दिवस आणि सहा तास. खरं वर्ष त्याहून साधारण अकरा मिनिटांनी लहान. वर्षाला अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण पोपने हिशोब धरला इसवी सन ३२५ पासूनचा, आणि तेवढ्या साडेबाराशे वर्षांत ती साठून दहा दिवस झाले. तर पन्हाळ्याची रात्र आपण १२ जुलैला साजरी करतो ती रोमच्या त्या सेनापतीच्या कॅलेंडरमुळे, ज्याचा स्वतःचा वाढदिवस १२ जुलै. त्या अख्ख्या दिनविशेषात एकमेकांशी खरंखुरं नातं असलेली हीच एक जोडी आहे, आणि यादी करणाऱ्याला पत्ताच नाही.

शिवजयंतीचंही हेच. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख, ग्रेगोरियन काढली तर १ मार्च. तिथी फाल्गुन वद्य तृतीया. त्यावरून दर वर्षी जे वाद होतात त्यात मी पडणार नाही, कॉमेंटमध्येही नाही.

पण पानिपताचं सांगतेच, राहवत नाही. "पानिपत संक्रांतीला झालं" असं सर्रास म्हणलं जातं कारण १४ जानेवारी १७६१. ही तारीख मात्र ग्रेगोरियन. आणि संक्रांत दर वर्षी १४ लाच असते असं आपण लहानपणापासून समजतो पण ती सरकते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी १८६३. म्हणजे १८६३ ला संक्रांत १२ ला, तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? दहा-अकराला होऊन गेली होती. पानिपताच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. तीळगूळ आधीच वाटून झालेला, वाटण्याइतकं काही उरलं असेल तर. तिथे माणसं उपाशी होती.

परत १२ जुलैकडे. एक तारीख, एकदा पौर्णिमा आणि एकदा अमावस्या, एकदा आपली २२ जुलै आणि एकदा खरी १२. म्हणजे कॅलेंडरवरचा तो चौकोन सोडला तर पन्हाळा आणि पानशेत यांच्यात सारखं काय? पाऊस. तो मात्र खरा सारखा आहे. सह्याद्रीत जुलैचा मधला आणि शेवटचा आठवडा म्हणजे काय असतं ते आपल्याला नव्याने सांगायला नको. तिवरे धरण फुटलं ते २ जुलै २०१९. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तळीये २२ जुलै २०२१, त्याच दिवशी चिपळूण बुडालेलं. मुंबईची २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर. माळीण ३० जुलै २०१४. ही पण एक यादीच झाली म्हणा, पण यात थोरो आणि मांजरेकर घुसत नाहीत. जौहरने पावसाला न जुमानता वेढा चालू ठेवला आणि त्याच पावसाच्या आडोशाने त्याच्या हातून शिकार गेली. पानशेतला पावसाआधी काम उरकेल या भरवशावर पाणी अडवलं आणि पाऊस काही काम उरकायची वाट बघत बसला नाही. दोन्हीकडे कुणीतरी पावसाचा अंदाज धरून चाललं होतं, आणि चुकलं. १६६० ला ते चुकणं आपल्या पथ्यावर पडलं एवढाच फरक.

बाकी वाढदिवसांची मंडळी पटापट घेते. नाबार्ड १९८२ चं, शिवरामन समितीच्या शिफारशीवरून झालेलं, पीककर्जाची वगैरे वरची बँक, जुलैत शेतकऱ्यांची बँक स्थापन करायला मुहूर्त चांगला पण तोवर पेरण्या झालेल्या असतात. बिमल रॉय १९०९ चे. मलाला १९९७ ची, आणि सोळाव्या वाढदिवसाला, १२ जुलै २०१३ ला, ती संयुक्त राष्ट्रांत भाषण करत होती. त्याच दिवशी इकडे मुंबईत प्राण गेले, आणि बरोब्बर वर्षभर आधी त्याच तारखेला दारासिंग. संजय मांजरेकर १९६५ चा, म्हणजे पानशेतनंतर चार वर्षांनी, लाहोरला २१८ काढून रनआउट झालेला, दोनशेच्या पुढे जाऊन रनआउट व्हायला वेगळाच स्वभाव लागतो, आणि तो स्वभाव पुढे कॉमेंट्रीत सगळ्यांना दिसलाच. १९९८ ला याच तारखेला पॅरिसजवळ फुटबॉल वर्ल्डकपच्या फायनलला झिदानने डोक्याने दोन गोल मारून ब्राझीलला झोपवलं.

ईस्टमनकडे मात्र जरा थांबावंसं वाटतं. जन्म १२ जुलै १८५४. फोटो काढणं म्हणजे काचेच्या प्लेटा आणि रसायनांचा पसारा होता तेव्हा याने गुंडाळीची फिल्म आणली आणि १८८८ साली कोडॅक कॅमेरा काढला, त्यामुळे फोटो हे राजेरजवाड्यांचं काम न राहता घरोघरी आलं. आणि आमच्या घरात साठच्या आधीचा एकही फोटो नाही. आजी-आजोबांच्या लग्नाचा नाही, पणजीचा नाही. सगळे ईस्टमनच्या वाढदिवशी पाण्यात गेले. पुराचे जे काळेपांढरे फोटो पेपरात दर वर्षी येतात, लकडी पुलाचे वगैरे, त्यात मी प्रत्येक वेळी उगाच आमचा वाडा शोधते. सगळे वाडे सारखेच दिसतात, छपराची कौलं आणि बाकी पाणी.

आणि पत्रिकेचं राहिलंच. मामा तेव्हा जेमतेम वर्षाच्या आतबाहेरचा होता, पत्रिका पुरात गेल्याचं वर सांगितलंच. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आजीने सांगितलं वसुबारसेला झाला. वसुबारस दाखल्यावर कशी लिहिणार, आणि पालिकेतून नोंद काढून आणायला वेळ कुणाला होता, गुरुजींनी सवयीने १ जून १९६० टाकून दिलं. तुमच्याही घरात असं कुणीतरी असणारच, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि वय बसवायला १ जून सोयीचा, त्यामुळे महाराष्ट्रात एक अख्खी पिढीच्या पिढी १ जूनला जन्मलेली आहे. त्यांचा दिनविशेष काढायचा तर पान पुरणार नाही. सरकारी नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणून ३१ मे ला दर वर्षी ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी होतात. मामाच्या निरोप समारंभाला, २०१८ ला, स्टेजवर खुर्च्या कमी पडल्या होत्या. एकाच विभागातले एवढे जण एकाच दिवशी रिटायर, साहेबांनी सगळ्यांना मिळून एकच भाषण केलं, आणि शाल-श्रीफळ वाटताना मामाच्या हातात दुसऱ्याच्या नावाचं पाकीट आलं ते त्याने घरी येऊन उघडल्यावर कळलं.